भीतीचे फासे: वुहू नाही, विस्कॉन्सिन ते राजारामपुरी

नेहमीप्रमाणे एपिसोडमध्ये जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथे ठेवतोय.

आजची गोष्ट एका शब्दावरून सुरू होते. 'दावं'. गुरं बांधायचा दोर. गेल्या पावसाळ्यात एका मित्राने हा शब्द कागदावर लिहून माझ्या हातात दिला. मी त्याचा भलताच अर्थ घेतला, आणि राजारामपुरीतल्या आमच्या खोलीत चाललेला खेळ अर्ध्यातच थांबला. त्या रात्री काय झालं ते सांगणार आहे. पण तो खेळ कुठून आला हे आधी सांगितलं नाही, तर माझं नेमकं काय चुकलं ते कळणार नाही.

सतरंजीवरचा खेळ

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे मोबाईलवरचा गेम नव्हे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. आमच्याकडे टेबल नाही, सतरंजी आहे. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. गोष्ट चालवणारा म्हणतो, "तू वाड्याच्या दारात उभा आहेस. आतून कुबट वास येतोय. काय करतोस?" तुम्ही म्हणता, "आत जातो." आत जाणं जमेल का, कुणाला चाहूल लागेल का, हे नक्की नसेल तिथे फासे टाकायचे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. चार तासांनी एक गोष्ट तयार झालेली असते आणि ती कुणा एकाची नसते.

याची सुरुवात लढाईच्या खेळांतून झाली. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून युद्धाचा सराव करायचे. पुढे अमेरिकेत हौशी मंडळी तसले खेळ घरात खेळू लागली. त्यातल्याच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला. गाव विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. यात तुम्ही अख्खी फौज चालवत नाही, एकच माणूस चालवता. तो राक्षस मारतो, सोनं मिळवतो आणि दिवसेंदिवस ताकदवान होत जातो.

मग १९८१ साली केऑसियम कंपनीने सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ क्थुल्हू' काढला आणि हे गणित उलटं केलं. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या जगावर हा खेळ बेतलाय. इथे तुम्ही योद्धा नसता. पत्रकार, प्राध्यापक, डॉक्टर, ग्रंथपाल असली साधी माणसं असतात आणि एखाद्या गूढाचा माग काढत असतात. कॅरेक्टर शीटवर तब्येतीच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा असतो, सॅनिटी. म्हणजे मन किती ताळ्यावर आहे त्याचं माप.

समजा तुमची सॅनिटी ६० आहे. तळघरात तुम्हाला काहीतरी अघटित दिसलं. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, त्यांतून १ ते १०० मधला एक आकडा येतो. ६० किंवा त्याखाली आला तर निभावलं. वर गेला तर सॅनिटी घसरते. आणि खरी मेख पुढे आहे. त्या गूढाबद्दल जितकं ज्ञान तुम्ही मिळवाल, तितकी तुमच्या सॅनिटीची कमाल मर्यादाच खाली येते. कोडं सोडवायचं तर कळायला हवं, आणि कळलं की ते कायमचं काहीतरी घेऊन जातं. इतर खेळांत पात्र चढत जातं, इथे झिजत जातं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला एकदम पटलं. घरातली काही गुपितं मोठेपणी कळतात ना, तेव्हा असंच होतं.

काकूंची टकटक

आमच्या तिसऱ्या का चौथ्या सत्राला दारावर टकटक झाली. शेजारच्या काकू. आत लाइट गेलेली, दोन मेणबत्त्या, मध्ये फासे, आणि आमच्यातला एक जण घोगऱ्या आवाजात "मला रक्त पाहिजे" म्हणत होता.

"काय चाललंय रे पोरांनो?"

"काकू, गेम आहे."

"असला कसला गेम? फासे काय, मेणबत्त्या काय! घरी सांगू का?"

आम्ही चहा पाजून त्यांची समजूत काढली. पण काकू एकट्या नाहीत. अमेरिकेत तर हे देशभर झालं. १९७९ साली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक १६ वर्षांचा विद्यार्थी बेपत्ता झाला. तो डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचा, एवढ्यावरून पेपरांनी खेळालाच आरोपी केलं. मुलगा पुढे सापडला. त्याच्या अडचणी एकटेपणाच्या आणि मनावरच्या ताणाच्या होत्या, पण तोवर गोष्ट पसरली होती. १९८२ मध्ये त्याच धर्तीवर एक टीव्ही सिनेमा आला. त्यात तरुण टॉम हँक्स खेळापायी भान हरपलेल्या मुलाच्या भूमिकेत होता. १९८३ मध्ये पॅट्रिशिया पुलिंग या आईने, मुलाच्या मृत्यूनंतर, या खेळाविरुद्ध संघटनाच उभी केली. तिचं दुःख खरं होतं. खेळामुळे मुलं सैतानाच्या नादी लागतात हा आरोप मात्र कधी सिद्ध झाला नाही.

आता जरा आपल्याकडे या. फासे, बदललेली नावं, आणि बघून घाबरलेले लोक, हे सगळं एकत्र असलेली एक गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. महाभारतातलं विराटपर्व. युधिष्ठिर फाशांच्या खेळात सगळं हरतो. बारा वर्षं वनवास, आणि तेरावं वर्ष अज्ञातवास. म्हणजे एक अख्खं वर्ष दुसरं कुणीतरी बनून जगायचं. युधिष्ठिर कंक होतो, भीम आचारी बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. पात्र सोडलं आणि ओळख पटली, तर पुन्हा बारा वर्षं वनवास. आणि अशात कीचक सैरंध्रीच्या मागे लागतो. ती दासी म्हणून दाद मागते, कुणी ऐकत नाही. मी द्रौपदी आहे असं सांगायची सोय नाही.

या गोष्टीवर कृ. प्र. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' हे नाटक आणलं. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत आपला देश दिसला. १९१० साली इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. स्टेजवरची माणसं खोटी आहेत हे सरकारला कळत होतं. पण बघणाऱ्यांच्या मनात जे जागं होत होतं ते खोटं नव्हतं.

आणि दहा वर्षांनी हीच गोष्ट कोल्हापुरात आली. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबुराव पेंटर. स्वतःचा कॅमेरा स्वतः तयार करणारा माणूस. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट होता 'सैरंध्री', १९२० चा. मूकपट. त्यातलं कीचकवधाचं दृश्य इतकं अंगावर येणारं होतं की थिएटरात लोकांना भोवळ आली, असं सांगतात. पुढे ते दृश्य काढावं लागलं. म्हणजे आपल्या गावच्या सिनेमाच्या सुरुवातीलाच भीतीचा प्रश्न उभा आहे. किती दाखवायचं? आणि समोर बसलेल्याला ते झेपतंय का, हे कोण बघणार?

हा प्रश्न लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिला नव्हता.

काकूंच्या काळजीबद्दल एक शेवटचं. आपल्याकडे भीतीचा खरा बाजार आहेच. करणी, भानामती, अंगात येणं, बाबाचा दरबार. त्याविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर लढले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. बाबाच्या दरबारात आणि आमच्या सतरंजीवर फरक काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगायचो की आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं हा खेळ आहे, आणि कुणीही कधीही उठून जाऊ शकतो.

पहिला भाग खरा होता. दुसरा मी नुसताच गृहीत धरला होता.

१९९१: भूत आत शिरलं

क्थुल्हूमध्ये भयंकर गोष्ट बाहेर असते. तळघरात, समुद्राखाली, ताऱ्यांपलीकडे. १९९१ साली दोन खेळ असे आले की त्यांनी ती आत आणली.

एक अमेरिकेतला 'व्हॅम्पायर: द मास्करेड', मार्क रेन-हेगन यांचा. त्यांनी याला 'पर्सनल हॉरर' म्हटलं, म्हणजे स्वतःचीच वाटणारी भीती. यात तुम्ही पिशाच्चाला मारत नाही, तुम्हीच पिशाच्च असता. शीटवर ह्युमॅनिटी नावाची पट्टी असते, माणुसकीची. भूक लागते, तुम्ही काहीतरी वाईट करता, पट्टी एका घराने खाली येते. पुढच्या वेळी तेवढंच वाईट कृत्य तितकं टोचत नाही. शून्यावर गेलात की पात्र तुमच्या हातातून जातं. ते आता निव्वळ जनावर, गोष्ट चालवणाऱ्याच्या ताब्यात.

दुसरा स्वीडनचा 'कल्ट', गुनिला जॉन्सन आणि मायकेल पीटरसेन यांचा. त्यातली कल्पना अशी की आपल्याला दिसणारं जग हा पडदा आहे आणि पडद्यामागे दुसरंच काही आहे. आपल्याकडे 'माया' म्हटलं की हे लगेच कळतं. पण मला भिडलं ते वेगळंच. पात्र तयार करतानाच तुम्हाला त्याचं एक काळं गुपित ठरवावं लागतं. केलेला गुन्हा, मोडलेला शब्द, बघून न बघितल्यासारखं केलेलं काहीतरी. पडदा फाटतो तो बहुतेक त्या गुपिताच्या जागीच. २०१८ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती आली आणि माझ्यासारख्या उशिरा जन्मलेल्यांपर्यंत तो पोचला.

मराठी वाचणाऱ्याला यात नवखं काही वाटत नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या कथांना मराठी घरं, मराठी आज्या आणि मराठी माजघरं दिली. २०१८ चा 'तुंबाड' आठवा. त्याची एक प्रेरणा धारपांची कथा. हस्तर भीतीदायक आहेच, पण विनायक जेव्हा स्वतःच्या पोराला त्या गर्भात उतरायला शिकवतो तेव्हा पोटात जास्त खड्डा पडतो. ह्युमॅनिटीची पट्टी एकेका घराने खाली येताना आपण बघत असतो.

तर मी ठरवलं, आपण आपल्या मातीतला असा खेळ करायचा. पन्हाळ्याच्या वाटेवरचा एक पडका वाडा, पावसाळा, चार पात्रं. प्रत्येकाने आपल्या पात्राचं काळं गुपित एका कागदावर लिहून, घडी घालून मला द्यायचं.

ती रात्र

तिघांनी भरभरून लिहिलं होतं. एकाने भावाची जमीन लाटलेली, एकाने खोटी साक्ष दिलेली वगैरे. चौथ्या मित्राच्या कागदावर एकच शब्द होता. 'दावं.'

मला वाटलं, काय भारी सुचलंय याला! आडव्या तुळईला लटकलेला दोर, गळफास, जुना खून. मी दोन रात्री जागून ते दावं वाड्यात सगळीकडे पेरलं. दर खोलीत एक ओला दोर, दर वेळी त्याला नवी गाठ.

शनिवारी रात्री खेळ रंगला. बाहेर पाऊस धो धो. शेवटाकडे मी वाड्यात पाणी चढवलं. त्याच्याकडे वळून म्हणालो, "पाणी छातीपर्यंत आलंय. दावं तुझ्या हातात आहे. गाठ भिजून घट्ट झालीय, सुटत नाहीये. बाहेरून कुणीतरी तुला हाका मारतंय. फासे टाक."

त्याने फासे उचलले नाहीत. आम्हाला वाटलं ॲक्टिंग करतोय. एक जण म्हणाला पण, "लई भारी भावा, असाच थांब." मी आणखी चढवलं. म्हणालो, "शेवटची हाक."

तो उठला, चप्पल घातली आणि पावसात निघून गेला. छत्री खोलीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी छत्री द्यायला गेलो तेव्हा त्याने सांगितलं. त्याचं गाव पंचगंगेच्या काठावर. ऑगस्ट २०१९. इथे धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, पुणे-बंगळूर हायवे बंद होता, गावंच्या गावं बोटींनी बाहेर काढत होते. त्यांच्या दारात बोट आली. आजीला आधी चढवलं. हा गोठ्यात गेला, म्हशी मोकळ्या करायला, म्हणजे पोहून तरी जातील. दोन म्हशी होत्या. एकीचं दावं सुटलं. दुसरीची गाठ भिजून आवळली होती. पाणी छातीला. बोटवाला ओरडत होता, घरचे ओरडत होते. तो परत फिरला.

"विळा घेऊन जायचं सुचलं नाही बघ," एवढंच तो म्हणाला.

त्याचं गाव पुरात गेलं होतं हे मला माहीत होतं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा आम्ही चादरी आणि बिस्किटं गोळा करून पाठवली होती. पण तिथे नेमकं काय झालं, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि ज्या दिवशी त्याने स्वतःहून एक शब्द लिहून दिला, त्या दिवशी मी त्याचा प्रॉप केला.

'त्याने लिहिलं म्हणजे त्याला बोलायचंच होतं,' असं मी काही दिवस स्वतःला समजावलं. असेलही. पण चार जणांसमोर, फासे हातात देऊन, माझ्या स्क्रिप्टप्रमाणे बोलायचं नव्हतं.

थांबायची सोय

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. हे खेळ खेळणाऱ्यांनी या प्रश्नावर काय उपाय काढलेत ते वाचलं. रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्याने २००३ साली 'लाइन्स अँड व्हेल्स' ही पद्धत मांडली. लाइन म्हणजे रेघ, त्या विषयाला हातच लावायचा नाही. व्हेल म्हणजे पडदा, विषय गोष्टीत असेल पण तपशील दाखवायचे नाहीत. खेळाआधी प्रत्येकाने आपापल्या रेघा आणि पडदे सांगायचे. पुढे जॉन स्टाव्रोपुलोस यांनी एक्स-कार्ड आणलं. टेबलाच्या मध्ये फुली मारलेला एक कागद. कुणीही त्याला हात लावला की चाललेला प्रसंग तिथेच सोडून द्यायचा. कारण विचारायचं नाही.

खरं सांगू? हे मी पूर्वी ऐकलेलं होतं. तेव्हा हसलो होतो. आपण कोल्हापूरची पोरं, आपल्याला कशाला असली कार्डं, आपण काय लेचेपेचे आहोत का. आणि अडचण तीच होती. ज्या खोलीत सगळे असं म्हणतात, तिथे 'थांब' म्हणणारा माणूस पहिला कसा म्हणेल? तो चप्पल घालून निघून जाणार.

गंमत म्हणजे याच गावाला हे फार आधीपासून माहीत आहे. कोल्हासुराची कथा तुम्हाला ठाऊक असेल. देवीने त्याला मारलं, आणि मरताना त्याने मागितलं की या नगराला माझं नाव राहू दे. आपण राक्षसाच्या नावाच्या गावात राहतो. दर नवरात्रात, ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो. तो कोल्हासुराचा वध. मग कोहळ्याच्या तुकड्यांसाठी ही झुंबड! पुढे जत्रा, मग घरी.

मी भाविक म्हणून हे सांगत नाहीये. मला त्याची रचना बघायची आहे. भयंकर गोष्ट लपवलेली नाही, तिला गावाचं नाव दिलंय. पण तिच्यासाठी दिवस ठरलेला, जागा ठरलेली, त्रिशूळ कुणाच्या हातात तेही ठरलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती संपते कधी हे टेकडीवरच्या लहान पोरालाही माहीत असतं. माझ्या वाड्यातलं पाणी कधी उतरणार हे फक्त मला माहीत होतं.

पुढचा शनिवार

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे." मराठीत 'जाऊ दे'चे दहा अर्थ होतात, त्यातला हा कुठला ते मला कळलं नाही. तीन आठवडे तो आला नाही. आम्हीही खेळलो नाही.

मग एका गुरुवारी त्याचा व्हॉट्सॲप आला. "शनिवारी आहे का? पूर नको. बाकी काय पण घाल."

ती आमच्या ग्रुपची पहिली रेघ. त्या शनिवारी आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर फुली मारून सतरंजीच्या मध्ये ठेवली आणि प्रत्येकाने आपापली रेघ सांगितली. जो सगळ्यात जास्त टिंगल करायचा, त्याने हळूच सांगितलं की हॉस्पिटल नको. आम्ही कुणी का विचारलं नाही. खेळ छान झाला. पुठ्ठ्याला कुणी हात लावला नाही. पण तो तिथे होता, म्हणून त्या रात्री सगळे मनापासून घाबरले.

आणि खेळ संपल्यावर, चहा पिताना, मी त्याला साधं विचारलं, "गावाकडे आता कसं आहे?" फासे पिशवीत होते. तो बराच वेळ बोलला. ते इथे सांगायचं नाही.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाला असा खेळ सुरू करायचा असेल तर खर्च फारसा नाही. फासे ऑनलाइन मिळतात, ॲपवर फुकट आहेत. वाडे, विहिरी, घाटातले धुके आपल्याकडे भरपूर. फक्त पहिला फासा टाकण्याआधी एक पुठ्ठा मध्ये ठेवा. आणि कुणी कागदावर एकच शब्द लिहून दिला, तर त्यावरून गोष्ट रचण्याआधी त्याला एकट्याला गाठून विचारा, "हे काय आहे रे?"

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि पावसात छत्री विसरू नका.